क्रौर्य म्हणजे निदान नव्हे

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

एखादा अमानुष गुन्हा उघडकीस आला की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात आरोपीसाठी ‘माथेफिरू’, ‘विकृत’ किंवा ‘मनोरुग्ण’ यांपैकी एक विशेषण ठरलेले असते. पंचनामा पूर्ण झालेला नसतो, आरोपीची मानसिक तपासणी कोणी केलेली नसते, आणि तरीही निदान छापून येते. समाजमाध्यमांवर तर ‘सायको’ हा शब्द शिवी म्हणून आणि निदान म्हणून एकाच दमात वापरला जातो. सोलापुरातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले असून, निवृत्तीनंतरही पालक, शिक्षक आणि अधूनमधून वकील मंडळी याच विषयावरचे प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मानसिक आजार कशाला म्हणायचे याची स्पष्ट कल्पना आपल्यापैकी फार थोड्यांना असते, असे त्यांच्याशी बोलताना मला वारंवार जाणवते. ती कल्पना नसल्यामुळे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार (दुसऱ्यांचे हक्क सतत तुडवत राहण्याची वृत्ती) नावाचा जो एक गंभीर आणि समजायला अवघड विकार आहे, त्याविषयीचे आपले बोलणे बहुतेक वेळा भलतीकडे जाते. विषय दोन ओळींत मांडण्याजोगा नाही, म्हणून पत्र लांबले आहे; तरी ते सविस्तर छापावे, ही विनंती.

या गल्लतीची किंमत सर्वांत आधी रुग्णांना मोजावी लागते. छिन्नमनस्कतेवर (स्किझोफ्रेनियावर) किंवा उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या बायपोलर विकारावर नियमित औषधे घेऊन नोकरी-संसार सांभाळणारी माणसे आपल्याच गल्लीत, आपल्याच कार्यालयात असतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात येताना ती ओळखीचे कोणी दिसते का, हे आधी पाहतात. अशा माणसाने सकाळी वर्तमानपत्र उघडल्यावर एका खुन्याच्या नावामागे स्वतःच्या आजाराशी जोडलेला शब्द वाचला, तर पुढच्या महिन्यात तो औषधे आणायला जाईल, याची खात्री कोण देईल? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही दरी केवळ डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे पडलेली नाही. तिच्यामागे लाजही तितकीच आहे, आणि ती लाज आपण रोज नव्याने तयार करतो. हिंसेविषयी बोलायचे, तर स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदींच्या आधारे झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, देशातील हिंसक गुन्ह्यांपैकी गंभीर मनोविकारांकडे बोट दाखवता येईल असा वाटा सुमारे ५ टक्केच निघाला. उरलेल्या हिंसेचे खापर या गंभीर मनोविकारांवर फोडता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे मानसिक आजार कशाला म्हणायचे याकडे, येते. आपल्या देशातील १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक रुग्णाची व्याख्या ‘मतिमंदत्वाखेरीज अन्य मानसिक विकारामुळे उपचारांची गरज असलेली व्यक्ती’ अशी केली होती. विकार म्हणजे काय, हे तीत कोठेच नव्हते. उपचारांची गरज आहे असे कोणीतरी ठरवले की माणूस रुग्ण ठरत असे. त्याची जागा घेणारा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला आणि त्याने ही व्याख्या बरीच काटेकोर केली. विचार, मनःस्थिती, संवेदन, स्थलकालव्यक्तीचे भान किंवा स्मृती यांत ठळक बिघाड झालेला असला पाहिजे. आणि त्या बिघाडामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या जगण्याच्या सामान्य गरजा भागवण्याची क्षमता गंभीरपणे खालावलेली असली पाहिजे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही या व्याख्येत आहेत. माझ्या मते मात्र या कायद्याचा खरा प्राण व्याख्येत नसून त्यापुढच्या तिसऱ्या कलमात आहे. मानसिक आजार आहे की नाही, हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवावे. व्यक्तीची राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक स्थिती, तिचा धर्म, तिचा समूह, अथवा तिच्या समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी तिचे न जुळणे, यांच्या आधारे ते ठरवता येणार नाही, असे हे कलम सांगते. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कोणी आजारी ठरत नाही, आणि आजाराचे निदान झाले म्हणून सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याखेरीज कोणी मनोविकल (कायद्याच्या दृष्टीने मन ठिकाणावर नसलेला) ठरत नाही, हेही त्यातच आहे.

संसदेला हे इतके स्पष्ट करून लिहावे लागले, त्यामागे मोठा आणि क्लेशकारक इतिहास आहे. १८५१ साली अमेरिकेतील सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मळ्यांवरून पळून जाणाऱ्या कृष्णवर्णीय गुलामांना एक आजार झालेला असतो, असे लिहिले आणि त्या आजाराला ‘ड्रेपटोमेनिया’ असे भारदस्त नावही दिले. सोव्हिएत संघात राजवटीविरुद्ध बोलणाऱ्यांना ‘संथ छिन्नमनस्कता’ झाल्याचे सांगून मनोरुग्णालयांत डांबले गेले. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनची ‘डीएसएम’ ही निदानपुस्तिका १९५२ साली प्रथम निघाली, तेव्हा तिच्यात समाजविघातक वर्तन आणि समलैंगिकता ही दोन्ही ‘सोशिओपॅथिक’ व्यक्तिमत्त्व या एकाच मथळ्याखाली घातलेली होती. म्हणजे दुसऱ्याला लुबाडणारा आणि दुसऱ्यावर प्रेम करणारा यांना त्या काळच्या शास्त्राने शेजारी शेजारी बसवले होते. समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय त्या संघटनेने १९७३ साली घेतला, जागतिक आरोग्य संघटनेने तो १९९० साली घेतला, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळणारा कलम ३७७ विषयीचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. समाजाला जे आवडत नाही त्याला आजार म्हणण्याचा मोह किती जुना आहे आणि तो सुशिक्षितांनाही कसा होतो, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

या इतिहासामुळे काही विचारवंतांनी मानसिक आजार ही संकल्पनाच मोडीत काढावी, असे म्हटले आहे. मला ते पटत नाही. खोल नैराश्यात अन्नपाणी सोडलेल्या माणसाला किंवा आपल्या पोटच्या मुलाने जेवणात विष कालवले आहे अशी अढळ खात्री बाळगणाऱ्या आईला ज्याने जवळून पाहिले आहे, तो असे म्हणणार नाही. रेषा कोठे आखायची याबद्दल मतभेद असू शकतात. रक्तदाबाच्या बाबतीतही अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१७ साली ती १४०/९० वरून १३०/८० वर आणली, पण म्हणून उच्च रक्तदाबाने येणारा पक्षाघात काल्पनिक ठरला नाही. अमेरिकी अभ्यासक जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ मध्ये मांडलेली कसोटी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. मनाची एखादी यंत्रणा तिचे नैसर्गिक काम करण्यात अपयशी ठरली आहे काय, आणि त्या अपयशाने हानी होते आहे काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तरच तो विकार. नुसती हानी पुरेशी नाही, नुसते वेगळेपणही पुरेसे नाही. २०१३ च्या पाचव्या ‘डीएसएम’नेही हेच तत्त्व पाळून म्हटले आहे की, राजकीय, धार्मिक किंवा लैंगिक बाबतींतील वेगळे वर्तन, तसेच व्यक्ती आणि समाज यांच्यातील संघर्ष, यांना विकार म्हणता येणार नाही, अपवाद एवढाच की तो संघर्ष व्यक्तीच्या आतील बिघाडातून उद्भवलेला असावा.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार नेमका या सीमेवर उभा आहे, आणि म्हणूनच तो समजून घेताना घाई चालत नाही. बुद्धी शाबूत, भ्रम नाही, भास नाही, तरी वागणे मात्र सतत दुसऱ्याच्या मुळावर येणारे, अशी माणसे वैद्यकाला फार पूर्वीपासून कोड्यात टाकत आली आहेत. फ्रान्सच्या फिलिप पिनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘भ्रमाविना उन्माद’ असे त्याचे वर्णन केले. इंग्लंडच्या जेम्स प्रिचर्ड यांनी १८३५ साली ‘नैतिक वेडेपणा’ ही कल्पना मांडली. आणि १९८० सालच्या तिसऱ्या ‘डीएसएम’पासून आजचे, वर्तनावर आधारलेले निकष रूढ झाले. त्यानुसार दुसऱ्यांच्या हक्कांना तुडवण्याची वृत्ती वयाच्या पंधराव्या वर्षापासून सातत्याने दिसली पाहिजे आणि पुढील सातपैकी किमान तीन लक्षणे आढळली पाहिजेत: अटकेस कारण होतील अशी कृत्ये वारंवार करणे, खोटे बोलणे आणि फसवणूक, पुढचा विचार न करता आवेगाने वागणे, चिडखोरपणा आणि मारामाऱ्या, स्वतःच्या व इतरांच्या सुरक्षिततेविषयी बेपर्वाई, नोकरी आणि पैशाच्या व्यवहारात सततचा बेजबाबदारपणा, आणि दुसऱ्याला दुखावल्याबद्दल, लुबाडल्याबद्दल पश्चात्ताप नसणे. यापेक्षाही महत्त्वाच्या अटी पुढे आहेत. व्यक्तीचे वय किमान अठरा असले पाहिजे. पंधरा वर्षांच्या आधीच वर्तन विकाराची, म्हणजे मुलांमधील सततच्या खोटेपणा, चोऱ्या, मारहाण अशा वागण्याची, लक्षणे दिसल्याचा पुरावा असला पाहिजे. आणि हे वागणे केवळ छिन्नमनस्कतेच्या किंवा बायपोलर विकाराच्या काळापुरते असता कामा नये. म्हणजेच चाळीस वर्षे सरळ जगलेल्या माणसाने एका रात्री केलेला खून, तो कितीही निर्घृण असो, या निदानाचा पुरावा होऊ शकत नाही. हे निदान आयुष्याचा आलेख पाहून करायचे असते. एका कृत्याच्या छायाचित्रावरून ते करता येत नाही.

सामान्य बोलण्यात ‘सायकोपॅथ’ म्हटले जाते ते आणि हा विकार एकच, असेही नाही. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी विकसित केलेल्या तपासणीसूचीत भावनिक थंडपणा, सहानुभूतीचा अभाव, वरवरचे मोहक बोलणे यांना मोठे स्थान आहे. समाजविघातक विकाराच्या निकषांत भर उघड वर्तनावर आहे. त्यामुळे हा विकार असलेले बहुसंख्य लोक ‘सायकोपॅथ’ या कल्पनेत बसत नाहीत. त्यांतले कित्येक तापट, अविचारी, व्यसनांत अडकलेले आणि आतून अस्वस्थ असतात. मुलगा कोणाशी बोलत नाही, समारंभाला येत नाही, एकटाच खोलीत बसतो, म्हणून घाबरून येणारे पालक मला भेटतात. त्या मुलाला आणखी काही असेल, पण त्याच्या एकलकोंडेपणाचा या विकाराशी संबंध नाही.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणाने तर व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पेच मोडले आहेत. आता आधी विकाराची तीव्रता सौम्य, मध्यम की गंभीर हे ठरवायचे, आणि मग त्या व्यक्तीत कोणते गुणविशेष प्रबळ आहेत, हे नोंदवायचे. समाजविरोधी वृत्ती हा त्या गुणविशेषांपैकी एक. माझ्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह आहे, कारण त्यात ‘हा माणूस कोण’ यापेक्षा ‘याचे स्वतःशी आणि इतरांशी असलेले नाते किती बिघडले आहे’ या प्रश्नाला प्राधान्य मिळते.

निकष वर्तनावर आधारलेले असण्याचा एक धोका सोलापूरकरांना तरी सविस्तर समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि त्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवण्यात आले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, गिरणीत राबायचे, असे जिणे पिढ्यांच्या वाट्याला आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि ही माणसे ‘विमुक्त’ झाली. पण चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालांवर जायचे, ही सवय सुटली आहे, असे प्रामाणिकपणे कोणी म्हणू शकेल काय? अशा समूहातील तरुणाच्या पोलीस नोंदींवरून कोणी ‘वारंवार अटक’ हा निकष पूर्ण झाल्याची खूण केली, तर ती खूण त्या तरुणाच्या मनाविषयी काही सांगत नाही. ती त्याच्याकडे पाहणाऱ्यांविषयी सांगते. ‘डीएसएम’मध्येही असा इशारा आहे की, दारिद्र्यात आणि धोकादायक वस्तीत तगून राहण्यासाठी अंगीकारलेले वर्तन वरवर समाजविघातक दिसू शकते आणि तेथे हे निदान चुकीने चिकटवले जाण्याचा संभव असतो. निदान करणाऱ्याने कागदपत्रे बाजूला ठेवून त्या माणसाचे त्याच्या आईशी, बायकोशी, मित्रांशी, पाळीव जनावरांशी वागणे कसे आहे, हे विचारले पाहिजे. ज्याला खरोखर हा विकार आहे, तो परक्यांना फसवतो आणि आपल्यांना जपतो, असे सहसा घडत नाही. त्याचे नुकसान करणे घरापासून सुरू होते आणि त्यातून तो स्वतःही सुटत नाही.

हा विकार मानावाच का, अशी शंका मला अनेकांनी विचारली आहे. ज्याला स्वतःला काही टोचत नाही, दुःख फक्त इतरांना होते, त्याला रुग्ण म्हणणे म्हणजे दुष्टपणाला वैद्यकीय वस्त्र चढवणे नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु ‘त्याला काही त्रास नाही’ हे गृहीतकच तपासले पाहिजे. हा विकार असलेल्यांमध्ये दारू आणि अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य, अपघात, आत्महत्या आणि अकाली मृत्यू यांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. जगभरातील बारा देशांमधील सुमारे २३ हजार कैद्यांची माहिती एकत्र करून २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्के आणि स्त्री कैद्यांपैकी २१ टक्के या निदानात बसत होते, सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण १ ते ४ टक्के मानले जाते. आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात किंवा पळापळीत घालवणे, एकही नाते टिकवता न येणे, शिक्षेच्या अनुभवातून काहीही न शिकणे, हे सुखाचे लक्षण नाही. मनाची जी यंत्रणा आपल्याला दुसऱ्याच्या वेदनेने थबकायला लावते आणि परिणामांच्या भीतीने सावध करते, तिच्यात काहीतरी बिघडले आहे, असे मानायला येथे आधार आहे. समाजविघातक वर्तन असलेल्या मुलांच्या हृदयाचे ठोके विश्रांतीच्या स्थितीत सरासरीने मंद असतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे, आणि जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असल्याचे दिसते. अर्थात या सरासरीच्या गोष्टी आहेत. नाडी मोजून किंवा मेंदूचे स्कॅन काढून कोणाचेही निदान करता येत नाही, आणि तसे करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. म्हणून माझे मत असे, की हा विकार खरा आहे, पण त्याचा शिक्का आजच्या निकषांनी जितक्यांवर बसतो, त्यांतील बरेच जण त्याचे खरे धनी नाहीत.

विकार मानला की गुन्हेगार सुटेल, ही लोकांची भीती मात्र निराधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ हे जुन्या दंड संहितेच्या कलम ८४ चेच रूप आहे. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत हेच ज्याला कळत नव्हते, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे ज्याला कळत नव्हते, त्यालाच हे कलम संरक्षण देते. १८४३ साली इंग्लंडमध्ये ठरलेल्या मॅकनॉटन नियमांपासून चालत आलेली ही कसोटी आहे, आणि वैद्यकीय दृष्ट्या आजारी असणे व कायद्याच्या दृष्टीने मनोविकल असणे या भिन्न गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. समाजविघातक विकार असलेल्या व्यक्तीला आपण काय करतो हे कळते आणि ते बेकायदा आहे हेही कळते. कित्येकदा ती पुरावा लपवते, साक्षीदाराला धमकावते. तिला या कलमाचा लाभ मिळत नाही आणि मिळूही नये. न्याय संहितेच्या २०२३ मधील मूळ विधेयकात या कलमात ‘मानसिक आजार’ असा शब्दप्रयोग होता. तो फार व्यापक आहे, असे संसदीय स्थायी समितीने दाखवून दिल्यावर अंतिम कायद्यात जुनीच मनोविकलतेची संकल्पना परत आली. उपचारासाठी व्याख्या उदार असावी आणि शिक्षेतून सूट देताना ती अरुंद असावी, या दोन गरजा एकाच शब्दाने भागत नाहीत, हे त्या चर्चेत नीट ओळखले गेले.

मला सर्वांत जास्त कळकळ आहे ती या सगळ्याच्या आधीच्या टप्प्याची, म्हणजे बालपणाची. या विकारासाठी मान्यता मिळालेले एकही औषध नाही. प्रौढ वयात गटातून चालणारे वर्तन-विचार उपचार आणि सोबतच्या व्यसनांचा, नैराश्याचा इलाज यांचा काही प्रमाणात उपयोग होतो, आणि चाळिशीनंतर अनेकांत आक्रमकता ओसरते. पण तोवर घरेच्या घरे उद्ध्वस्त झालेली असतात. याउलट बालपणी हस्तक्षेपाला मोठा वाव आहे. अमेरिकेत ली रॉबिन्स यांनी सेंट लुइसमधील बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनंतर मागोवा घेतला, तेव्हा पुढे समाजविघातक निघालेली बहुतेक सगळी माणसे लहानपणीही तशीच वागत असल्याचे दिसले, पण लहानपणी तसे वागणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले पुढे तशी निघाली नाहीत. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे जन्मापासून पाहणीत असलेल्या मुलांच्या अभ्यासावरून टेरी मॉफिट यांनी १९९३ साली असे दाखवले की, पौगंडावस्थेपुरते बिघडणारी मुले बरीच असतात आणि अगदी लहानपणापासून आयुष्यभर त्याच वाटेने जाणारी थोडी. ‘हा पोरगा वायाच जाणार’ असे सातवीतल्या मुलाच्या तोंडावर म्हणणाऱ्या शिक्षकाने आणि नातेवाइकाने हे दोन निष्कर्ष जरूर वाचावेत. अठरा वर्षांखालील मुलाला हे निदान लावायचेच नाही, ही अटही याच शहाणपणातून आली आहे.

तरीही खूण दिसली की काहीतरी केले पाहिजे. सतत खोटे, चोऱ्या, लहान मुलांना मारहाण, जनावरांचा छळ, आग लावणे, रात्र-रात्र घराबाहेर राहणे, हे एकत्र आणि दीर्घकाळ दिसले तर तो केवळ खोडकरपणा नाही. यावर जगभर ज्याचा आधार सर्वांत भक्कम आहे, तो उपाय म्हणजे पालकांचे प्रशिक्षण: नियम थोडे आणि स्पष्ट ठेवणे, चांगल्या वागण्याची लगेच दखल घेणे, मारहाण पूर्णपणे थांबवणे, आणि शिक्षा ठरलेली, सौम्य व न चुकणारी असणे. उपचारांविषयी मार्गदर्शिका काढणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २००९ साली या विकाराविषयीच्या मार्गदर्शिकेत प्रतिबंधाचा भाग म्हणून याच प्रशिक्षणाची शिफारस केली होती. हे ऐकायला सोपे वाटते. पण आपल्या शहराच्या पूर्वभागात बाप यंत्रमागावर रात्रपाळी करतो, आई दिवसभर विड्या वळते, घर एका खोलीचे असते, आणि बापाच्या दारूपायी मुलाने रोज मार खाल्लेला असतो, अशा घरात ते सांगायला कोणी जातच नाही. शाळेच्या आरोग्य तपासणीत डोळे, दात, वजन पाहिले जाते. वर्गात रोज मारामारी करणाऱ्या मुलाला मुख्याध्यापक दाखला देऊन मोकळे होतात. तो दाखला घेऊन मुलगा कोठे जातो, याची चौकशी करण्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही.

म्हणून माझ्या काही अपेक्षा आहेत. जिल्हा परिषद आणि महापालिका यांनी शाळांच्या गटांसाठी समुपदेशक नेमावेत आणि वर्तन विकाराची शंका असलेल्या मुलाला शाळेतून काढण्यापूर्वी सिव्हिलच्या मानसोपचार विभागाचा सल्ला घेणे बंधनकारक करावे. पालकांचे वर्ग मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही व्हावेत. सोलापुरात त्यावाचून ते अनेक घरांपर्यंत पोहोचणार नाहीत. बालन्याय कायदा, २०१५ नुसार सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याच्या मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करावे लागते. ते करताना बालमानसशास्त्र जाणणारी व्यक्ती उपस्थित असेल आणि अहवालात त्या मुलाचा पूर्वेतिहास असेल, याकडे बार असोसिएशननेही लक्ष द्यावे.

आपल्याकडून, संपादक महोदय, एवढेच मागणे आहे. आरोपीच्या मानसिक स्थितीविषयी मनोविकारतज्ज्ञाचा अहवाल न्यायालयासमोर येईपर्यंत आपल्या वार्ताहरांनी बातमीत कोणतेही निदानवाचक विशेषण वापरू नये, असा लेखी नियम आपण करावा आणि तो वाचकांना कळवावा. आरोपी उपचार घेत होता, अशी माहिती मिळाली तरी तिचा गुन्ह्याशी संबंध सिद्ध झाल्याशिवाय ती मथळ्यात नसावी. आणि अशा प्रत्येक बातमीच्या तळाशी, कुटुंबातील कोणाच्या वागण्याची काळजी वाटणाऱ्यांसाठी, केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक छापावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती दिवसरात्र उपलब्ध असते आणि मराठीतूनही बोलता येते. परंतु माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांनी तिचे नाव ऐकलेले नसते.

कळावे,
आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर